दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया, दोन शल्यचिकित्सक: इंदूरच्या एका अध्यापन रुग्णालयाचा अनुभव

हे परीक्षण इंदूरमधील एका अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य शल्यचिकित्सा विभागाचे आहे. नोव्हेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात माझे थोरले बंधू, वय वर्षे ७१, तेथे दोन शस्त्रक्रियांसाठी भरती झाले आणि मधल्या महिन्यांत बाह्यरुग्ण विभागाच्या आमच्या नऊ-दहा फेऱ्या झाल्या. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शहरात आता शासकीय आणि खासगी मिळून वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये एकाहून अधिक आहेत, आणि ज्या उणिवेबद्दल मला मुख्यतः लिहायचे आहे ती एकट्या या रुग्णालयाची नाही. उणीव अशी की ज्या शल्यचिकित्सकांनी दादाची पहिली शस्त्रक्रिया केली, ते दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा तेथे राहिलेले नव्हते.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले होते. दिवाळी नुकतीच उलटली होती. रामबागेतल्या घरी रात्री जेवण झाल्यावर दादाच्या पोटात डाव्या बाजूला खाली दुखू लागले, आणि दोन तासांत पोट लाकडासारखे कडक झाले. आम्ही रात्री साडेदहाच्या सुमारास तातडीच्या विभागात पोहोचलो. पर्ची, रक्त, उभ्याने काढलेला एक्स-रे आणि सीटी स्कॅन हे सर्व पाऊण-एक तासात झाले. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूच्या श्वासपटलाखाली हवेची चंद्रकोर दिसत होती. तृतीय वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी ती आम्हांला बोटाने दाखवून, आतडे फुटले आहे आणि आज रात्रीच पोट उघडावे लागेल, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. सहयोगी प्राध्यापक असलेले शल्यचिकित्सक घरून निघून बाराच्या आत आले. त्यांनी दादाचे पोट एकदा हाताने तपासले, वहिनींना दोन मिनिटे बाजूला नेऊन काय करणार आहोत ते समजावले आणि एक वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. खासगी रुग्णालयात त्या घटकेला आमच्याकडून आधी काय मागितले गेले असते याचा मला अंदाज आहे. येथे आमच्याकडून फक्त आधार कार्ड आणि सत्तरीपुढच्या नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलेले आयुष्मान कार्ड मागितले गेले, आणि तेही सकाळी दिले तरी चालेल असे सांगण्यात आले.

झालेली शस्त्रक्रिया वैद्यकीय भाषेत हार्टमन पद्धतीची म्हणून ओळखली जाते. फ्रेंच शल्यचिकित्सक आँरी हार्टमन यांनी ती १९२१ मध्ये मांडली आणि शंभर वर्षांनंतरही अशा प्रसंगी तिचा आधार घेतला जातो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला फुगे येतात, त्यांतला एखादा फुटतो आणि मळ पोटात पसरतो. अशा दूषित पोटात आतड्याची दोन टोके तेव्हाच्या तेव्हा जोडली तर सांधा गळण्याची भीती असते. म्हणून फुटलेला भाग काढून टाकतात, वरचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्यावर पिशवी लावतात आणि खालचे टोक शिवून आत ओटीपोटात तसेच ठेवतात. काही महिन्यांनी, सूज ओसरल्यावर आणि रुग्ण सावरल्यावर, पोट पुन्हा उघडून ती दोन टोके जोडावयाची असतात. हा दुसरा टप्पा पहिल्याहून सोपा असेल असे आम्हांला वाटले होते. प्रत्यक्षात तो अनेकदा अवघड असतो, कारण आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, खालचे टोक आक्रसून ओटीपोटाच्या तळाशी गेलेले असते आणि मूत्रवाहिनी तेथून फार दूर नसते. हे मी येथे विस्ताराने लिहितो, कारण पुढच्या तक्रारीचा सगळा आधार यात आहे: पहिल्या वेळी आत काय ठेवले, कुठे ठेवले आणि कसे ठेवले, हे ज्याला ठाऊक आहे त्याचेच हात दुसऱ्या वेळी सर्वाधिक उपयोगाचे असतात.

वॉर्डमधील अकरा दिवसांबद्दल थोडक्यात. सिस्टर कमी होत्या, पण ज्या होत्या त्या दक्ष होत्या. स्वच्छता सकाळी चांगली आणि संध्याकाळी सहानंतर कामचलाऊ होती. पिशवीची काळजी कशी घ्यावी हे शिकवण्यासाठी वेगळी प्रशिक्षित व्यक्ती नव्हती. एका अनुभवी सिस्टरनी आपल्या जेवणाच्या सुटीत वहिनींना ते शिकवले. चकती किती मोठी कापायची, त्वचा लाल झाली तर काय लावायचे आणि पिशवी भरण्याआधीच का रिकामी करायची, हे सारे त्यांच्यामुळे समजले. पिशव्या मात्र बाहेरून विकत आणाव्या लागल्या.

शल्यचिकित्सकांनी छुट्टीच्या पर्च्यावर स्वतःच्या हाताने चार महिन्यांनंतरची तारीख घातली होती. मार्चच्या मध्याला आम्ही त्या तारखेला गेलो, तेव्हा खोलीबाहेरची त्यांच्या नावाची पाटी काढलेली होती आणि स्क्रूची दोन भोके तेवढी उरली होती. आतल्या तरुण डॉक्टरांनी सांगितले की सर तीन आठवड्यांपूर्वी राजीनामा देऊन गेले, युनिट सध्या दुसऱ्या युनिटला जोडलेले आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख आता नव्या क्रमाने मिळेल. त्या मुलाचा स्वर उद्धट नव्हता, थकलेला होता. दोन युनिटांचे रुग्ण एका युनिटाच्या दिवसांत बसवण्याचे काम त्याच्या गळ्यात पडलेले दिसत होते. आमची पहिली तारीख एप्रिलच्या शेवटी मिळाली, ती भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत म्हणून पुढे गेली. दुसरी मेच्या अखेरीस होती, त्या दिवशी शस्त्रक्रियागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. दोन्ही वेळा दादाला आदल्या दिवशी भरती करून, पोट साफ करण्याचे औषध पाजून, उपाशी ठेवून दुपारी परत पाठवण्यात आले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे दोनदा सोसावे लागणे योग्य नाही, असे मी रुग्णालयाच्या तक्रारपुस्तकात लिहिले आहे आणि येथेही लिहितो.

त्या काळात दादा घराबाहेर फारसा पडला नाही. सानंद या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांचा तो जुना सभासद. एकही प्रयोग न चुकवणारा. पिशवीचा आवाज शेजारच्या खुर्चीत ऐकू जाईल या भीतीने त्याने पास पुतण्याला देऊन टाकले. वेटिंगचे चार महिने म्हणजे काय, हे रजिस्टरमधील आकड्यांवरून कळत नाही.

दुसरी तारीख हुकल्यावर मी माझ्याच मनाने पहिल्या शल्यचिकित्सकांचा शोध घेतला. ते शहरातल्याच एका मोठ्या खासगी रुग्णालयात रुजू झाले होते. तेथे दादाचे कार्ड चालत नव्हते आणि त्या शस्त्रक्रियेचा सांगितलेला खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. तरीही डॉक्टरांनी आमच्याकडून सल्ल्याचे शुल्क घेतले नाही. मूळचे मालव्यातले, मराठी उत्तम समजणारे. दादाला पाहताच म्हणाले, "काका, शस्त्रक्रिया तेथेच करून घ्या, तेथे नीट होईल, फक्त एक गोष्ट नव्या डॉक्टरांना सांगा." ती गोष्ट अशी की आत ठेवलेल्या खालच्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांना त्यांनी न विरघळणाऱ्या निळ्या धाग्याचे दोन लांब टाके घालून शेपट्या सोडल्या होत्या आणि ते टोक ओटीपोटाच्या उजव्या भिंतीकडे थोडे वळवून अडकवले होते. पुढच्या वेळी पोट उघडणाऱ्याला ते शोधणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू. मी पर्च्यासोबतची शस्त्रक्रियेची नोंद उघडून पाहिली. पहाटे साडेचारला एका निवासी डॉक्टरांनी लिहिलेल्या चार ओळी होत्या. त्यांत निळ्या धाग्याचा उल्लेख नव्हता. डॉक्टरांनी ती नोंद वाचली, किंचित ओशाळले आणि म्हणाले की मी तपासून सही करायला हवी होती, पण पाचला दुसरा रुग्ण टेबलावर होता. मग त्यांनी आपल्या कागदावर एक छोटी आकृती काढून दिली.

ती आकृती खिशात घालून मी घरी आलो, तेव्हा मला प्रथमच नीट उमगले की कुशल शल्यचिकित्सक सोडून जातो म्हणजे नेमके काय जाते. पद रिक्त होते, ते भरताही येते. पण त्यांनी गेल्या वर्षभरात ज्यांची पोटे उघडली, अशा लोकांच्या शरीरांत काय काय ठेवले आहे याची आठवण त्यांच्यासोबत निघून जाते, आणि अध्यापन रुग्णालयात ती आठवण कागदावर उतरवण्याचे काम अनेकदा सर्वांत दमलेल्या मुलाकडे सोपवलेले असते.

ते का गेले, हे मी त्यांना सरळ विचारले. मी स्वतः राज्य शासनाच्या एका कार्यालयात स्थापना शाखेत एकतीस वर्षे काढली आहेत. राजीनाम्यांचे अर्ज वाचण्याचा मला सराव आहे आणि 'वैयक्तिक कारणास्तव' या दोन शब्दांवर माझा कधी विश्वास बसला नाही. त्यांनी पगाराचे नाव शेवटी घेतले. आधी सांगितले ते शस्त्रक्रियेच्या दिवसांबद्दल. त्यांच्या युनिटला आठवड्यातून शस्त्रक्रियागृहाचे दोन दिवस होते. भूलतज्ज्ञांची पदे रिकामी राहिल्याने त्यांतला एक वर्षभरापासून अर्धा झाला होता आणि उरलेल्या दीड दिवसातही यादीतल्या सहा रुग्णांपैकी तिघांचीच शस्त्रक्रिया पूर्ण होत असे. दुर्बिणीने करण्याच्या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण त्यांनी घेतले होते, पण त्या यंत्राचा कॅमेरा बिघडल्यावर दुरुस्तीची फाइल सात महिने फिरत राहिली आणि त्या सात महिन्यांत ते दुर्बिणीने जे करू शकले असते ते मोठी चीर देऊन करत राहिले. त्यांच्या हाताखालचे निवासी डॉक्टर तेच शिकले. "मुलांना मी जुने शिकवत होतो, हे मला सलत होते," असे ते म्हणाले. याशिवाय हजेरीचा प्रश्न होता. रात्री चारपर्यंत शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाने सकाळी नऊला यंत्रापुढे हजर राहिलेच पाहिजे, आणि उशीर झाल्यास खुलासा द्यावा, हे त्यांना अपमानास्पद वाटत असे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२५ पासून अध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेल्या चेहरा-ओळखीवर आणली आहे. कागदोपत्री अध्यापक दाखवणाऱ्या महाविद्यालयांना आळा घालण्यासाठी ते गरजेचे असेलही, पण रात्रपाळीच्या शस्त्रक्रियेची नोंद त्या यंत्राला कोण समजावून सांगणार, याचे उत्तर प्रत्येक महाविद्यालयाने आपापले शोधायचे आहे.

आता पगाराबद्दल. त्यांनी तो शेवटी सांगितला म्हणून तो गौण होता असे मी मानत नाही. ज्या माणसाला दोन मुलांचे शिक्षण आणि घराचा हप्ता आहे त्याच्या बोलण्यातला क्रम आणि त्याच्या हिशेबातला क्रम वेगळा असू शकतो. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.एस.ची तीन आणि पुढे विशेषज्ञतेची पदवी घ्यायची तर आणखी तीन, अशी किमान साडेअकरा वर्षे शिकून माणूस पस्तिशीच्या आसपास कमवू लागतो. केंद्राच्या सेवेत खासगी व्यवसाय न करण्याचा भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के आहे आणि मूळ वेतन व भत्ता मिळून मर्यादा महिना २,३७,५०० रुपयांची आहे. प्रामाणिक माणसाला यात सुखाने राहता येते, असे मला वाटते. पण शेजारच्या रस्त्यावरचे खासगी रुग्णालय त्याच हातांना किती देते हे त्याला रोज कळत असते. काही राज्यांत कामाच्या वेळेबाहेर घरी रुग्ण पाहण्याची मुभा आहे, काही ठिकाणी बंदी आहे आणि दोन्हींचे तोटे आम्ही पाहिले आहेत. मुभा असेल तेथे दुपारी दोननंतर प्राध्यापक सापडत नाहीत. बंदी असेल तेथे काही जण चोरून करतात आणि स्वाभिमानी माणसे सोडून जातात. आयुष्मान योजनेच्या दाव्यांतून रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेचा काही हिस्सा उपचार करणाऱ्या चमूला देण्याची पद्धत काही राज्यांत आहे. ती मला या तिढ्यातली त्यातल्या त्यात सरळ वाट वाटते, अट एवढीच की हिस्सा वेळेवर मिळाला पाहिजे आणि भूलतज्ज्ञ व सिस्टर यांनाही मिळाला पाहिजे.

बढतीचा भाग मात्र माझ्या ओळखीच्या फायलींचा आहे. आयोगाच्या निकषांप्रमाणे सहायक प्राध्यापक चार वर्षांनी आणि ठरावीक शोधनिबंधांनंतर सहयोगी प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो, आणि सहयोगी प्राध्यापक आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक होण्यास. पात्र ठरणे आणि पद मिळणे या दोन गोष्टी आमच्याकडे फार वेगळ्या असतात; वरचे पद रिकामे नसेल तर पात्र माणूस दहा-बारा वर्षे तेथेच थांबतो. मे २०२३ मध्ये मध्यप्रदेशातील शासकीय डॉक्टरांनी संप केला, तेव्हा रिक्त पदाची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी वरची श्रेणी मिळावी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. केंद्राच्या सेवेत ही व्यवस्था आधीपासून होती. संप उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि तो लगेच मागे घेतला गेला. संपाच्या मार्गाबद्दल माझे मत डॉक्टरांच्या बाजूचे नाही, कारण त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात ताटकळणारे लोक दादासारखेच होते. मागणीबद्दल मात्र माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे. पन्नाशीला आलेल्या शल्यचिकित्सकाच्या दारावर पंधरा वर्षे एकच पदनाम राहिले, तर तो ते पदनाम दुसऱ्याच्या दारावर जाऊन बदलून घेतो.

याच काळात मागणी किती वाढली तेही पाहावे. देशात २०१४ मध्ये ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती, आता ती सातशेच्या वर गेली आहेत. आपल्या मालव्यातच २०१८ मध्ये रतलामला आणि २०२४ मध्ये मंदसौर व नीमचला नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. ही चांगलीच गोष्ट आहे; नीमचच्या माणसाला फुटलेले आतडे घेऊन इंदूरपर्यंत यावे लागू नये. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते आणि सहयोगी प्राध्यापक घडायला पंधरा वर्षे लागतात. नवे महाविद्यालय आपले अध्यापक जुन्या महाविद्यालयातूनच आणणार. २०२५ च्या नव्या नियमांनी शासकीय रुग्णालयांत दहा वर्षे काम केलेल्या विशेषज्ञांना सहयोगी प्राध्यापक होण्याचा मार्ग उघडला आहे. त्यावर टीका झाली, तरी मला तो निर्णय योग्य वाटतो. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे आतडी शिवलेला माणूस शिकवू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे रिकामी खुर्ची भरते, भरलेली राहत नाही. बंधपत्राचेही तेच. पदव्युत्तर पदवीनंतर ठरावीक काळ शासकीय सेवा सक्तीची केली, तर तरुण डॉक्टर तेवढा काळ येतो आणि मुदत संपली की जातो. त्या मुदतीत तो स्वतः शिकत असतो. ज्याच्याकडून शिकायचे तो आधीच गेलेला असतो.

आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक मुंबईच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयांतील मानद शल्यचिकित्सकांच्या गोष्टी सांगत. सकाळी सार्वजनिक रुग्णालयात नाममात्र मानधनावर शस्त्रक्रिया आणि शिकवणे, संध्याकाळी स्वतःचा व्यवसाय. ती पद्धत निर्दोष नव्हती, पण तीत एक सत्य होते: नामवंत माणसे पैशासाठी तेथे येत नसत, अवघड रुग्ण, हुशार विद्यार्थी आणि नावापुढे लागणारी संस्था यांसाठी येत. दुसऱ्या टोकाला वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. १९०० मध्ये आयडा स्कडर यांनी एका खाटेपासून सुरू केलेल्या या संस्थेत डॉक्टरांना खासगी व्यवसाय करता येत नाही आणि वेतन बाजाराच्या मानाने साधे असते. तरी तेथे आयुष्य घालवणारे शल्यचिकित्सक आहेत, कारण आवारात घर आहे, सोबतीला तितकेच चांगले सहकारी आहेत आणि यादीतल्या रुग्णाची शस्त्रक्रिया होईल याची बऱ्यापैकी खात्री आहे. इंदूरमध्येही हे अशक्य नाही. १८७८ मध्ये येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली, १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आले. म्हणजे शिकवण्याची परंपरा या शहराला नवी नाही. आमच्या शल्यचिकित्सकांना मी विचारले की शस्त्रक्रियेचे दोन पूर्ण दिवस, चालू कॅमेरा आणि वेळेवर बढती मिळाली असती तर तुम्ही थांबला असता का. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दोन पूर्ण दिवसांवर थांबलो असतो. बाकीचे मागत राहिलो असतो." हे उत्तर मी जसेच्या तसे लिहितो, कारण रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने वाचावे असे माझ्या परीक्षणात दुसरे काही नसेल.

दादाची दुसरी शस्त्रक्रिया अखेर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. ती एका तरुण सहायक प्राध्यापिकेने केली, आणि निवृत्तीनंतर करारावर परत घेतलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक तिच्या समोर टेबलापाशी उभे होते. मी दिलेली आकृती तिने हसण्यावारी नेली नाही. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर त्या आकृतीचे छायाचित्र घेतले आणि पहिल्या शल्यचिकित्सकांना स्वतः फोन करून दहा मिनिटे बोलली. शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. बाहेर आल्यावर तिने सांगितले की आतडी फार चिकटलेली होती, पण निळ्या शेपट्या सांगितल्या जागी सापडल्या आणि त्यामुळे निदान तासभर वाचला. सांधा यंत्राने जोडला, तो गळला नाही, दादा आठव्या दिवशी घरी आला. नोंद या वेळी दोन पानांची होती, टंकलिखित, आणि तिच्या सहीची.

तेव्हा सेवेबद्दल माझे मत असे. तातडीच्या उपचारासाठी या रुग्णालयाला मी पाचपैकी पाच गुण देतो आणि कोणालाही रात्री अपरात्री तेथे जाण्यास निःशंकपणे सांगेन. शस्त्रक्रियेच्या गुणवत्तेलाही दोन्ही वेळा पाच. नियोजित शस्त्रक्रियेच्या व्यवस्थेला दोन, कारण चार महिन्यांचे काम आठ महिन्यांनी झाले. नोंदी आणि रुग्णाला माहिती देणे यांना एक. सर्जन बदलल्याचे एक साधे पत्र किंवा फोन आम्हांला आला असता, तर मार्चमधली ती फेरी आणि नंतरची भटकंती टळली असती.

ज्यांच्या घरात अशी टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी पहिल्याच छुट्टीच्या वेळी शस्त्रक्रियेच्या संपूर्ण नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि आत काय ठेवले आहे हे त्यात लिहिले आहे का, ते डॉक्टरांसमोर वाचून पाहावे. डॉक्टरांचे नाव आणि युनिटचा क्रमांक असे दोन्ही लिहून ठेवावे, कारण डॉक्टर बदलले तरी फाइल युनिटच्या क्रमांकाने सापडते. नियोजित शस्त्रक्रियेसाठी आदल्या दिवशी भरती होण्यापूर्वी सकाळी विभागात फोन करून भूलतज्ज्ञ आहेत का याची चौकशी करावी. आम्ही ती तिसऱ्या वेळी केली. सध्या त्या युनिटचा बाह्यरुग्ण दिवस मंगळवार आणि शुक्रवार आहे, पर्ची अकरापर्यंतच मिळते, आणि सहायक प्राध्यापिकेची खोली तळमजल्यावर डावीकडून तिसरी आहे. तिच्या नावाची पाटी अजून लागलेली नाही, दारावर कागद चिकटवलेला आहे.